कट्ट्यावरचा बेदाणा

सोमवार, रात्री

नणंदबाई बाळंतपणाला पुढच्या महिन्यात इकडं येणार हे पक्कं झालं आणि घरात साठलेल्या सगळ्या तक्रारींना एकदम तोंड फुटलं. गच्चीची गळती, मधल्या खोलीतला कुरकुरणारा पंखा, आणि बेदाणा. बेदाणा म्हणजे आमचा बोका. तासगावच्या सौद्यात मांडलेल्या बेदाण्याचा रंग, म्हणून लेकीनं ठेवलेलं नाव. जेवताना आई म्हणाल्या, "पोटुशी पोर घरात येणार आणि हे कट्ट्यावर हिंडणार. त्याला खाली राहायला शिकव बाई, नाहीतर मळ्यात तरी सोडून या." मळ्यात सोडायचं कुणाच्याच मनात नाही. आईंच्या तर नाहीच, रात्री तो त्यांच्याच पायांशी झोपतो. पण तक्रार रास्त आहे. रात्री भाकरीचं पीठ नीट पुसायचं राहिलं की सकाळी कडप्प्यावर पावलांची रांग उमटलेली असते, सिंकपासून थेट शेगडीपर्यंत.

आईंना जी भीती वाटते तिचं नाव टॉक्सोप्लाझ्मा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा एक परजीवी. लसीकरणाला गेले होते तेव्हा पशुवैद्यांना विचारून घेतलं होतं. तो परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, अंगावरच्या केसांतून नाही. बाहेर पडल्यावर रोग लावण्याजोगा व्हायला त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, आणि गरोदर बाईनं त्याला हात लावायचा नाही. तोच परजीवी अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. म्हणजे बेदाण्याला घालवून कोथिंबीर तशीच चिरली तर काय साधलं? तरीपण ट्रेमधून निघालेले पाय पोळपाटाशेजारी नकोत, यावर माझं आणि आईंचं एकमत आहे.

मला जास्त काळजी बेदाण्याचीच वाटते. आमच्या कट्ट्यावर कांदा-लसूण मसाल्याची बरणी चोवीस तास असते. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वाळवून कुटला की आणखी जहाल. म्हणजे आमच्या भागातला कुठलाही रस्सा, कुठलीही आमटी त्याला वर्ज्य. बेदाण्याचा डबाही कडीकुलपात. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, मांजरांनाही देऊ नका असंच वैद्य सांगतात. नाव ठेवताना हे लेकीला कुठं माहीत होतं!

बुधवार

शाळेला सुट्टी. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसले आणि नुसतं बघत राहिले. आई म्हणाल्या, वेड लागलंय. पण वर्गातलं एखादं पोर सारखं जागेवरून उठत असेल तर आधी ते कुठं जातंय आणि का, हे बघावं लागतं. ओरडायचं काय, ते नंतरही जमतं.

तो आधी खिडकीकडं गेला. कट्ट्यावरची खिडकी परसात उघडते आणि तिथल्या शेवग्यावर साळुंक्या असतात. मग सिंकमधल्या नळाखाली मान वाकडी करून थेंब थेंब पाणी प्यायला. खाली त्याची वाटी भरलेली होती, पण साचलेल्या पाण्यापेक्षा पडतं पाणी बऱ्याच मांजरांना आवडतं. मग शेगडीशेजारी जिथं दगड कोमट असतो तिथं जरा बसला. आणि शेवटी दुधाच्या पातेल्यापाशी जाऊन झाकणाचा वास घेतला. हे सगळं दिवेलागणीला. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि तिन्हीसांजेची, आणि आपल्या स्वयंपाकाच्या वेळाही नेमक्या त्याच.

शिवाय उंची. मांजर शिकार करतं तसं ते मोठ्या जनावरांची शिकारही होऊ शकतं, त्यामुळं जिथून सगळं दिसेल आणि मागून कुणी येणार नाही अशी जागा ते शोधतंच. सांगलीच्या गावभागातल्या माणसाला उंचीची किंमत वेगळी सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही गव्हाचे डबे आधी कट्ट्यावर चढवले, मग माळ्यावर, आणि मग स्वतःच वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. बेदाणा तेव्हा नव्हता.

आजेसासूबाईंच्या काळात या घरात कट्टाच नव्हता. चूल जमिनीवर, स्वयंपाक बसून. दूध-दही शिंक्यावर टांगलेलं, उरलंसुरलं जाळीच्या कपाटात. मांजरं तेव्हाही घरभर असायची, उंदरांसाठी लागायचीच. ती दुधात तोंड घालायची नाहीत असं नव्हे, पण "मांजराला शिकवा" असं कुणी म्हटल्याचं आईंना आठवत नाही. दूध वर टांगायचं, विषय संपला. मग आपण उभे राहिलो. शेगडी, पाणी, दूध, भाजी, खिडकी, सगळं कमरेइतक्या उंचीवर एका ओळीत मांडलं, आणि आता म्हणतो मांजराला वळण नाही.

शनिवार

या आठवड्यात घरात उपायांचा नुसता सुळसुळाट. ह्यांनी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली उचलली. बेदाणा वर चढला की फुस्स. दोन्हीकडून जोरदार सामना झाला आणि निकाल असा लागला की हे समोर असले की तो चढत नाही. मी असले की चढतो, रात्री तर चढतोच. आता हे नुसता चष्म्याचा डबा घेऊन हॉलमध्ये आले तरी तो सोफ्याखाली जातो. म्हणजे कट्टा वाईट हे त्याला कळलंच नाही, हे वाईट एवढं मात्र पक्कं कळलं. शेजारच्या काकूंनी कट्ट्यावर ॲल्युमिनियम फॉइल अंथरायला सांगितली. पहिल्या संध्याकाळी तो आवाजाला बिचकला, नंतर फॉइलवर पसरून अंग चाटत बसला. लिंबाच्या तेलाचा फवारा मारायची सूचनाही आली, ती मी तिथंच मोडून काढली. लिंबूवर्गातली तेलं मांजराला विषारी असतात आणि पायाला लागलेलं ते चाटणारच.

बी.एड.ला 'प्रयत्न-प्रमाद पद्धती'वर टिपण हमखास यायचं. आम्ही ते घोकायचो. परिणामाचा नियम, सरावाचा नियम, तयारीचा नियम. तेव्हा लक्षात आलं नव्हतं की त्या सगळ्या पाठांतराच्या मुळाशी एक मांजरच आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उपाशी मांजरं फळ्यांच्या पेटीत कोंडली आणि बाहेर खाणं ठेवलं. आत एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडायचं. मांजर आधी वाट्टेल ते करायचं, ओरबाडायचं, चावायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी खटका दाबला जायचा. पुन्हा कोंडलं की वेळ थोडा कमी, पुढं आणखी कमी. एकदम "समजलं" असं कधी व्हायचं नाही. ज्यानं फायदा झाला ते टिकायचं, बाकीचं गळून पडायचं. हे १८९८ साली छापून आलं. सव्वाशे वर्षं होऊन गेली आणि आम्ही अजून बोक्याला रागावून समजावतोय.

मग प्रश्न उरतो की कट्ट्यावर त्याला फायदा काय होतो. दूध मी झाकते, मसाला बंद बरणीत, खरकटी रात्रीच घासली जातात. उत्तर आज सकाळी सहाला मिळालं. माझे सासरे अण्णा चहा करत होते. बेदाणा कट्ट्यावर, शेपटी पायांभोवती गुंडाळून, देवघरातल्या मूर्तीइतका गंभीर. अण्णांनी दुधावरची साय बोटावर घेतली आणि त्याच्यापुढं धरली.

"अण्णा, तुम्ही रोज देता?"

"रोज कुठं? कधीतरी. बघतोय कसा बघ की."

"कधीतरीच देता, तिथंच तर गोची आहे."

अण्णांना वाटलं मी रोज द्या म्हणतेय. मी बराच वेळ समजावत बसले. स्किनर या आणखी एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदीर-कबुतरांवर नेमकं हेच दाखवलं होतं. प्रत्येक वेळी दाणा मिळत असेल आणि तो बंद झाला, तर जनावर लवकर नाद सोडतं. पण कधी मिळतो, कधी नाही, कधी मिळेल ते सांगता येत नाही, असं असलं की ते सोडतच नाही, प्रयत्न करतच राहतं. लॉटरीचं तिकीट काढणाऱ्यांना हे विचारायलाच नको. (अण्णा पूर्वी काढायचे. हे मी बोलले नाही.)

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं पटलं, ही म्हण आपण आयत्या नशिबासाठी वापरतो. मला आज ती त्या बोक्याच्या बाजूनं दिसली. शिंकं रोज तुटत नाही. एकदाच तुटलं असेल. पण त्या एका दिवसाच्या दह्यावर तो जन्मभर शिंक्याखाली मान वर करून बसणार. अण्णांचं बोट म्हणजे आमच्या घरातलं तुटकं शिंकं.

"साय गोड लागते त्याला," अण्णांचं शेवटचं हत्यार. गोड चव मांजराच्या जिभेला कळतच नाही, त्यासाठी लागणारं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं असतं, हे २००५ मध्ये सिद्ध झालंय. त्याला आवडते ती सायीतली चरबी. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. अण्णा म्हणाले, "बरं बरं, बाईंचा तास संपला का?"

रविवार, दुपारी

काल सुतार येऊन फ्रिजच्या बाजूला, खिडकीलगत, कट्ट्याच्याही वर एक फळी मारून गेला. तिच्यावर जुनी घोंगडी. तिथून साळुंक्या दिसतात, शेगडी दिसते, अण्णाही दिसतात. त्याला हवं होतं ते जवळपास सगळंच तिथं आहे, फक्त जेवण नाही. ते आता मी देतेय. उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे डब्यात ठेवलेत. स्वयंपाकाला लागायच्या आधी, तो भुकेला असताना, त्याला हाक मारते, फळीवर थोपटते. चढला की 'बरोबर केलंस' ही खूण म्हणून पेनचं बटण टक् करून लगेच तुकडा. लगेच म्हणजे लगेच. तो खाली उतरून आळस देत असताना दिला तर त्याला वाटणार आळस दिल्याचं बक्षीस आहे.

कट्ट्यावर चढला तर ओरडायचं नाही, बोलायचं नाही, उचलून कुरवाळायचं तर मुळीच नाही. लेक नेमकं हेच करायची, "बेदू खाली ये रे शोन्या" म्हणत त्याला कडेवर घ्यायची, आणि त्यानं पुन्हा का चढू नये? आता तिला सांगितलंय की गुपचूप जमिनीवर ठेवायचं आणि फळीकडं बघायचं. फायदा बंद झाला की सवय सुटायच्या आधी उलट वाढते, तसं आज झालं. सकाळी अण्णांनी साय दिली नाही तर बेदाण्यानं कट्ट्यावर उभं राहून असा गळा काढला की गल्लीतल्या कुणीतरी हाक मारून विचारलं, काय झालं म्हणून. अण्णांचा चेहरा बघवत नव्हता. पण त्यांनी दिली नाही, हे मान्य करायला हवं.

मग अण्णांनी अट घातली. साय बंद तर बंद, पण चिकनचा तुकडा फळीवर आपण देणार, सकाळचा. हे मला आधीच सुचायला हवं होतं असं म्हणत नाही, पण बेत चांगला आहे. देणारा हात तोच, फक्त जागा बदलली. नळाला नवा वॉशर घालून घेतलाय आणि पाण्याची वाटी जेवणापासून लांब, खिडकीखाली ठेवलीय. तो तिथून पितो की नाही ते बघायचं.

आईंनी दुपारी फळी हलवून बघितली, घोंगडी झटकली, आणि म्हणाल्या, "सुतार आलाच होता तर माझ्या लोणच्याच्या बरण्यांचं नाही सुचलं कुणाला. मांजराला फळी आणि मला नाही." सुताराला पुन्हा फोन केलाय. बुधवारी येतो म्हणाला, म्हणजे गुरुवार.