किनाबातांगान: एवढे प्राणी दिसतात ते का?

बोर्निओ बेटावरच्या मलेशियात, सांडाकान शहर ते किनाबातांगान नदीकाठचं सुकाऊ गाव हा अडीच-तीन तासांचा रस्ता. बहुतेक वेळ दोन्हीकडे ऑइल पामच, म्हणजे पामतेलाची झाडं. मामींची गुहागरला माडपोफळींची वाडी आहे, त्यामुळे सुरुवातीला त्या खुशीत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगो, ह्याला वाडी नाही म्हणत. मिरवेल नाही, केळ नाही, साधं अळू नाही!" आणि सरळ झोपून गेल्या. राजधानी कोटा किनाबालूचे दिवस मी इथे गाळतेय. समुद्र, मॉल, पाऊस, झालं.

किनाबातांगान ही मलेशियाच्या सबाह राज्यातली सर्वांत लांब नदी, सुमारे ५६० किलोमीटर. संध्याकाळच्या होडीफेरीत तिने आम्हाला जे दाखवलं ते ताडोबात कितीही जिप्सी हिंडवली तरी मिळणार नाही. लांबनाकी प्रोबॉसिस माकडांचे कळपच्या कळप, धनेश, चिखलात पसरलेली मगर, आणि वळणावर गवत उपटणारे बोर्निओचे बुटके हत्ती. हत्तींसमोर होड्यांची ही गर्दी! इंजिनांचा धूर, कुणाचा तरी ड्रोन. एका पिल्लाची आई कान पसरून उभी राहिली, तरी शेजारची होडी मागे हटेना. मला लाज वाटली आणि रागही आला.

परतताना कुणीतरी म्हणालं, केवढं समृद्ध जंगल! आमचे वाटाडे याच नदीकाठचे, ओरांग सुंगाई समाजातले. ते फक्त म्हणाले, "उद्या मागे चालत जाऊ."

दुसऱ्या दिवशी गेलो. जळवा झटकत, मुळं ओलांडत. डोक्यावर अंजिराची अवाढव्य झाडं, एका फांदीत ओरांगउटानचं जुनं घरटं. आता जंगल गडद होत जाईल असं वाटत असतानाच समोर उजेड दिसला. विजेचं कुंपण, आणि पलीकडे रांगेत पाम. संपलं जंगल! नदीपासून इथवर यायला अर्धा तासही लागला नव्हता.

काल दिसलेल्या प्राण्यांच्या गर्दीचं गणित तिथे उलगडलं. प्रोबॉसिस माकडं तशीही रात्री काठावरच्या झाडांवर झोपायला येतात, ते सोडा. पण पुराच्या मैदानातलं हे सखल जंगल आधी लाकडासाठी तोडलं, मग त्या जागी पाम आला. उरलं ते नदीला चिकटून, आणि प्राणीही त्यातच दाटले. २००५ साली अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २६,००० हेक्टर, पण दहा तुकड्यांत. हत्तींना नदीच्या वर-खाली जायचं तर याच चिंचोळ्या पट्टीतून जावं लागतं. ओरांगउटानला पोहता येत नाही. फांद्यांचा पूल तुटला की ओढासुद्धा त्याला सीमा होतो, म्हणून काही ओढ्यांवर माणसांनी दोर बांधलेत. १९९८ च्या कायद्याने नदीकाठी २० मीटर पट्टा राखायचा आहे. वीस मीटरमध्ये हत्ती वळेल फार तर.

सुकाऊच्या बायकांचा एक गट असल्या तुटलेल्या जागी रोपं लावतो. आम्ही गेलो तेव्हा त्या कोयत्याने गवत आणि वेली कापत होत्या. लावणं सोपं, त्यानंतरची काही वर्षं खरी कठीण. पूर आला की रोपं पाण्याखाली, त्यातून वाचली तर वेली गळा धरतात, तेही टळलं तर हत्ती तुडवतात. मामींनी न विचारता एक कोयता उचलला आणि भाषेचं काही न अडता तासभर वेली साफ केल्या. मी सावलीत बसून घाम पुसत होते. दमट हवेचं मी कौतुक करणार नाही, असह्य असते.

रिसॉर्टपेक्षा गावात घरी राहणं मला आवडलं. गादी पातळ होती, पण मासे ताजे आणि भात पोटभर.

रात्री जेवताना मामींनी वाटाड्यांना थेट प्रश्न टाकला, मी दुभाषी. "मधली जमीन विकत घेऊन जंगल का जोडत नाही?"

"घेतात काही संस्था, थोडी थोडी."

"मग अडतं कुठे?"

"पामचा घड दर दहा-पंधरा दिवसांनी काढता येतो, पंचवीसेक वर्षं. माझ्या भावाचीही थोडी लागवड आहे. त्याच्या पोरांची फी त्यातूनच जाते. तो का विकेल?"

मामींनी भात चिवडला. "एकरी किती देतात, ते विचार जरा."