सरांचं ‘हार्डली’

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं शाळेचं पत्र आलं. सहली, स्नेहसंमेलन यांवर बाकीचे लिहितीलच. मी फक्त इंग्रजीच्या सरांवर लिहिणार, त्यातही त्यांच्या ‘हार्डली’वर. जुन्या इमारतीत दहावी केलेल्यांना सरांचं नाव सांगायला नको.

सर फळ्यावर दोनच वाक्यं लिहीत: ‘ही वर्क्स हार्ड’ आणि ‘ही हार्डली वर्क्स’. पहिला राबतो, दुसरा कामाला फारसा हात लावत नाही. ‘क्विक’चं ‘क्विकली’, तसं ‘हार्ड’चं ‘हार्डली’, हा हिशेब इथे फसतो. ‘हार्ड’ विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. त्याला शेपूट लागत नाही. ‘हार्डली’ पूर्वी खरोखरच ‘जोराने’ या अर्थी चालायचं. पुढे ते ‘मुश्किलीने’वर आणि तिथून ‘जवळजवळ नाहीच’वर घसरलं. ‘लेट’ म्हणजे उशिरा आणि ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, तिथेही तीच फसगत.

सरांची खरी हातोटी यापुढची. आपण म्हणतो, ‘तो फारसा येत नाही.’ ‘फारसा’ला पुढे ‘नाही’ लागतंच, म्हणून पोरं बिनदिक्कत लिहीत, ‘ही डझ नॉट हार्डली कम.’ सर त्या ‘नॉट’भोवती लाल गोल काढत. ‘हार्डली’च्या पोटात नकार आधीच आहे. म्हणून ‘हार्डली नो वॉटर’ नव्हे, ‘हार्डली एनी वॉटर’. ‘हार्डली नेव्हर’ नव्हे, ‘हार्डली एव्हर’. वाक्य नकारार्थी ठरलं की क्वेश्चन टॅग होकारार्थी: ‘ही हार्डली कम्स, डझ ही?’ इथे ‘डझन्ट ही’ लिहिलं की गुण गेला. ‘कॅन’सारखं सहायक क्रियापद असेल तर ‘हार्डली’ त्याच्या मागोमाग येतं, नसेल तर मुख्य क्रियापदाच्या आधी.

एकदा शेवटच्या तासाची घंटा झाली, दप्तरं आवरायचा गलका सुरू झाला आणि सर शांतपणे फळ्याकडे वळले. ‘घंटा झाली न झाली तोच मुलं पळाली. करा इंग्रजी!’ कोणी उठलं नाही. उत्तर सरांनीच लिहिलं: ‘हार्डली हॅड द बेल रंग व्हेन द बॉइज रॅन आउट.’ ‘हार्डली’ वाक्याच्या तोंडाशी आलं की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी जातं. आधी घडलेली क्रिया पूर्ण भूतकाळात, नंतरची साध्या भूतकाळात. जोडीला ‘व्हेन’. ‘दॅन’ हवं असेल तर ‘नो सूनर’कडे जा, कारण ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे. आपल्या ‘न झाली तोच’मधला ‘न’ आणि हे ‘हार्डली’ सरांनी फळ्यावर एका रेघेने जोडून दाखवले. व्याकरण असं शिकवणारा माणूस मला पुढे भेटला नाही.

आता माझ्या टेबलावर नोकरीचे अर्ज येतात. ‘आय वर्क हार्डली’ त्यांत अजूनही सापडतं. स्पेलिंग बरोबर, म्हणून कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही. हल्लीच्या गाइडांत ‘हार्डली म्हणजे क्वचितच’ एवढ्यावर भागवतात. ‘क्वचितच’ ‘हार्डली एव्हर’ला चालेल, टाकीत जेमतेम उरलेल्या पाण्याला ते कसं लावणार?