एकाच फळीचे दोन हिशेब

अमेरिकेतून चीनला जाणाऱ्या चिरलेल्या हार्डवुडचा, म्हणजे ओक, मेपलसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचा, २००० पासूनचा व्यापार मांडायचा होता. यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहावरून अमेरिकेची निर्यात आणि चीनची आयात उतरवून घेतली आणि एकाच आलेखावर दोन रेषा काढल्या. माल तोच, म्हणून रेषा एकमेकींवर बसतील असं धरून चालले होते. पण त्या काही जुळेनात. दोन दिवस मी माझीच सूत्रं तपासत बसले. सूत्रं बरोबर होती.

मग आकडे गोळा कसे होतात ते वाचलं. अमेरिका निर्यातीची किंमत धरते ती माल बंदरात जहाजाशेजारी पोचेपर्यंतची. चीन आयातीत जहाजभाडं आणि विमाही धरतो. म्हणजे तीच ओकची फळी समुद्र ओलांडताना कागदावर महाग होते. ठरावीक टक्के वजा करून हा फरक काढता येईल असं आधी वाटलं. पण २०२१ मध्ये कंटेनरची भाडी भडकली होती. तिथे तो हिशेब कोलमडला. शिवाय हाँगकाँगमार्गे गेलेला माल अमेरिकेच्या नोंदीत हाँगकाँगच्या नावावर असू शकतो, तर चीन मूळ देश पाहून तो अमेरिकेच्या खात्यात टाकतो. डिसेंबरात निघालेलं लाकूड जानेवारीत पोचतं, ते वेगळंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कोडनी, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या (एचएस) क्रमांकांनी. चिरलेलं लाकूड ४४०७ या शीर्षकाखाली येतं, ओंडके ४४०३ खाली. इथवर सरळ आहे. पण माझ्या तक्त्यात मेपल, चेरी आणि ॲश २००७ च्या आधी नव्हतेच! व्यापार आधीही होता, फक्त या जातींना स्वतंत्र कोड या वर्गीकरणाच्या २००७ च्या फेररचनेत मिळाले. त्याआधी त्या ४४०७९९ मध्ये, ‘इतर’ या गाठोड्यात होत्या. २०१७ मध्ये बर्च आणि पॉप्लरही त्यातून बाहेर पडले. मग ‘इतर’ची रेषा खाली आली, ती बाजार पडला म्हणून नव्हे. जातवार तुलना सोडवत नव्हती, पण शेवटी सोडली आणि ४४०७९१ ते ४४०७९९ ची एकत्र बेरीज घेतली. ती तरी सलग राहते.

नुसत्या डॉलरवर माझा विश्वास उरला नव्हता, म्हणून घनमीटरही मांडले. अमेरिकी व्यापारी बोर्ड फुटात (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड) बोलतात. एका घनमीटरचे साधारण ४२४ बोर्ड फूट होतात. किमतीला परिमाणाने भागल्यावर जे मिळतं त्याला भाव म्हणायची घाई करू नये. त्या वर्षी महागडं अक्रोड जास्त गेलं आणि रेड ओक कमी, तर एकाही फळीचा भाव न बदलता सरासरी चढते.

सप्टेंबर २०१८ मध्ये चीनने अमेरिकी लाकडावर जादा शुल्क लावलं, जून २०१९ मध्ये ते वाढवलं. तिथली घसरण दोन्ही रेषांत आणि घनमीटरांतही दिसते, म्हणून ती खरी मानली. आयातशुल्क चीनच्या आयातमूल्यात धरलेलं नसतं, त्यामुळे या जागी वाचताना गोंधळ होत नाही.

दोन रेषांची सरासरी काढून एकच रेषा द्यावी, असं मला सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. अमेरिकी गिरण्यांचा माल बंदरापर्यंत कितीचा झाला हे हवं असेल तर अमेरिकेची रेषा, चिनी बंदरात तो कितीला पडला हे हवं असेल तर चीनची. दोन्ही ठेवल्या, खाली घनमीटर, आणि २००७ व २०१७ वर तुटक उभ्या रेघा.