सगळं कायद्यात बसतं, मग तक्रार कसली?

ठेकेदारामार्फत कामगार लावणं सगळं कायद्यात बसतं, मग तक्रार कसली, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हा प्रश्न कारखानदार विचारतात, आणि कंपनीत ठेक्यावर लागलेल्या पोरांचे वडीलही विचारतात. किमान वेतन दिलंय, पीएफचं चलन वेळेवर भरलंय, पगार बँकेत जमा होतो, मग कंपनीने कामगाराचं खाल्लं काय? मी कंपन्यांची पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा) ची कामं करतो, तेव्हा माझं उत्तर ‘काही नाही’ असेल, अशी दोघांचीही अपेक्षा असते.

खाल्ली जाते ती सर्व्हिस, म्हणजे सलग नोकरीची वर्षं. पगाराला बहुतेक वेळा हातही लागत नाही.

ठेक्यावरच्या कुठल्याही जुन्या कामगाराचं यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पासबुक उघडा. एकाखाली एक तीन-चार आस्थापनांची नावं दिसतील. एकीत एक्झिट ३१ मार्च, पुढचीत जॉइनिंग ३ एप्रिल. माणूस तोच, मशीन तेच, शिफ्ट लावणारा साहेब तोच. बदलला तो ठेकेदार, आणि कित्येकदा तोही फक्त नावापुरता. जाताना राजीनाम्यावर सही घेतात, ‘फुल अँड फायनल’चे चार पैसे देतात आणि नव्या फॉर्मवर नवी तारीख घालतात. मधल्या दोन दिवसांतही तो माणूस बहुधा मशीनवरच उभा असतो, फक्त हजेरी कागदावर नसते.

आता हिशेब करा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,००० रुपये असलेला माणूस एकाच मालकाकडे दहा वर्षं राहिला, तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, होते १५,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १०. म्हणजे ८६,५३८ रुपये. तोच माणूस त्याच मशीनवर तीन ठेकेदारांच्या नावाखाली सव्वातीन-सव्वातीन वर्षं राहिला, तर शून्य, कारण ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं कुणाकडेच भरत नाहीत. कामावरून कमी केल्याची भरपाईही दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराने मोजतात, तिथेही घड्याळ परत पहिल्यापासून सुरू. यात एकही चलन खोटं नाही.

‘मग ठेकेदार चोर म्हणा, कंपनी कशाला?’ हे पुढचं वाक्य मला पाठ आहे. त्याला मी ठेकेदाराचं कंपनीला दिलेलं, एका कामगाराचं महिन्याचं बिल दाखवतो. १५,००० वर मालकाचा पीएफ विमा आणि प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, १,९५०. ईएसआयसी सव्वातीन टक्के, धरा ५००. बोनस ८.३३ टक्के, १,२५०. घरभाडं पाच टक्के, ७५०. झाले १९,४५०, रजेचे पैसे वेगळे. यावर ठेकेदाराने सर्व्हिस चार्ज भरलाय एक टक्का: १९५ रुपये. कंपनी बिल देणार साठ दिवसांनी, पगार द्यायचा सात तारखेला. उसन्या पैशावर महिना एक टक्का व्याज धरलं तरी दोन महिन्यांचे ३८९ होतात. गणवेश, बूट, सुपरवायझर अजून बाकीच आहेत. हे कोटेशन मंजूर करणाऱ्या परचेसवाल्याला बेरीज येत नाही असं मी मानत नाही. तूट कुठून भरणार हे त्याला ठाऊक असतं: ओव्हरटाइम दुप्पटऐवजी सिंगल दराने, रजिस्टरबाहेर, सव्वीस दिवसांच्या कामाचे पैसे बावीस दिवसांचेच, बूट-गणवेशाची कापाकापी, आणि जिथे लाजच सोडलीय तिथे कामगाराचं एटीएम कार्ड ठेकेदाराच्या खिशात. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो प्रधान मालकाने, म्हणजे काम करवून घेणाऱ्या कंपनीने भरायचा, असं १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. पण तक्रार करणाऱ्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी चालत नाही.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे, तर मुंबईतल्या कचरा कामगारांचं उदाहरण घ्या. महापालिका म्हणजे कंपनी नव्हे, पण युक्त्या त्याच. तिथे तर सफाई करणाऱ्यांना कागदावर ‘स्वयंसेवक’ आणि पगाराला ‘मानधन’ म्हणण्यापर्यंत मजल गेली होती. त्याआधी १९९६ साली एअर इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की ठेका पद्धतीवर बंदी आली की त्या जागेवरचे कामगार आपोआप मूळ मालकाचे. २००१च्या ‘सेल’ (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) निकालात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं: आपोआप काही नाही, ठेका बनावट असेल तर ते पुराव्याने सिद्ध करा. म्हणजे ज्याच्याकडे नेमणूकपत्रही नाही, त्याने पुरावा आणायचा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने तो आणला. औद्योगिक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करायला सांगितलं, महापालिका वर गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कामगारांच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर काय आडवं आलं? नावं. यादीतलं स्पेलिंग आणि आधार-पॅनवरचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून अनेकांची कायम नोकरी अडून राहिली. ज्या हजेरीपटावर ती नावं चढली, तो या लोकांनी स्वतः लिहिला नव्हता. देशातलं सर्वोच्च न्यायालय जिंकूनही माणूस एका वेलांटीसाठी खेटे घालतो, हे पाहिल्यावर ‘कायद्यात बसतं’ या शब्दांचा मला राग येतो.

पूर्वी मी म्हणत असे, कायदा कडक करा, सुटेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, असं त्या म्हणतात. पण ते काम त्या आस्थापनेत सर्वसाधारणपणे ठेक्यानेच होत असेल, तर सूट. म्हणजे वर्षानुवर्षं चाललेली पद्धत हीच पळवाट. दुसरीकडे, ज्याच्या हातात तीन महिन्यांचीच ऑर्डर आहे असा छोटा व्हेंडर ‘कायम माणूस कुठून पोसू?’ विचारतो, तेव्हा मी गप्प बसतो. त्याचे दर वरच्या मोठ्या कंपनीने दाबलेत, हे मला दिसतं. त्याचीही पत्रकं मीच भरतो. भरणं सोडावं का, यावर माझं माझ्याशीच जमलेलं नाही.

पोरांच्या वडिलांसाठी मात्र एवढं. जुने गेटपास परत करण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. शिफ्टचा तक्ता, सेफ्टी ट्रेनिंगची हजेरी, कंपनीच्या अधिकाऱ्याची सही असलेला रजेचा अर्ज, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली कामाची सूचना, सगळं तारखेसह जपा. काम कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, दंड कोण करतो, हेच उद्या विचारलं जातं. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर दर महिन्याला पासबुक बघा, आणि आधारवरचं स्पेलिंग पीएफशी जुळतं का ते आजच तपासा. कोऱ्या कागदावर सही मागितली तर आधी वर तारीख लिहा. नोकरी जाईल म्हणून पोरगं ती लिहिणार नाही, हेही मला माहीत आहे.