तुम्ही विचारलंत म्हणून: किट असताना ग्रेडियंट कशाला?

"तासाभरात प्लाझ्मिड देणारं किट आहे, तरी तुम्ही सीझियम क्लोराइडच्या नळ्या का फिरवत बसता?" दर नवा विद्यार्थी हेच विचारतो. परीक्षकांनीही विचारलंय. एकदाच नीट सांगते. सीझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए खूप वेगाने फिरवला की तो घनतेनुसार पट्ट्यांत वेगळा होतो, तो ग्रेडियंट.

किट, म्हणजे प्लाझ्मिड (डीएनएचं सुटं वर्तुळ) वेगळं काढायची तयार सामग्री, बनतं ई. कोलाय या जिवाणूसाठी. माझं काम एन्टामीबा हिस्टोलिटिका या आमांशाच्या अमीबावर. त्याच्या एचएम-1 स्ट्रेनमधलं रायबोसोमल वर्तुळ (रायबोसोमची जनुकं असलेलं गोल डीएनए) 24.5 किलोबेसचं, म्हणजे साडेचोवीस हजार अक्षरांचं आहे. पेशीत त्याच्या सुमारे 200 प्रती असतात, म्हणजे माल कमी नाही. पण पेशी फोडली की तिचेच न्यूक्लिएज (डीएनए कापणारी विकरं) सुटतात, ग्लायकोजेनने सगळं बुळबुळीत होतं. त्यात डीएनएच्या दोनपैकी एका धाग्याला एक चीर पडली तरी वर्तुळाचा पीळ सुटतो आणि किटच्या अल्कलीत ते गुणसूत्रांबरोबर गाळात जातं. नुसता सिक्वेन्स हवा असेल तर किट खुशाल वापरा. मला पीळच हवा असतो.

माझा पहिला चांगला ग्रेडियंट मला अजून दिसतो. कित्येक आठवडे कल्चर वाढवलं होतं, नळ्या बर्फात बुडवून अमीबा काचेवरून सोडवले होते. रोटर थांबला, अंधारात यूव्ही दिवा लावला. वर जाड नारिंगी पट्टा, आणि त्याच्या बोटभर खाली दुसरा, दोऱ्याएवढा. पीळदार वर्तुळात इथिडियम (डीएनएत शिरून यूव्हीत चमकणारा रंग) कमी शिरतं, म्हणून वर्तुळ जड राहतं आणि खाली बसतं. मी सगळ्यांना हाका मारल्या. एकेक जण वाकून बघत होता, दिवा चालूच होता. मग सुईने पट्टा ओढला, ब्युटेनॉलने रंग काढला, पिशवीत भरून डायलिसिसने मीठ काढलं. जेलवर तपासलं तर पीळदार वर्तुळ नव्हतंच. सगळी पीळ सुटून उघडी पडलेली.

नोंदवहीत मी लिहिलं, "अमीबाचे न्यूक्लिएज." वर्षभर तेच धरून बसले. पण तसं असतं तर खालचा पट्टा दिसलाच नसता. तिथे बसलं म्हणजे तोवर वर्तुळ अखंड होतं. इथिडियम बसलेल्या डीएनएला यूव्हीने चिरा पडतात, हे मला पाठ होतं. तरी दिवा बंद करायचं सुचलं नाही. मला तो पट्टा सगळ्यांना दाखवायचा होता.

म्हणून ग्रेडियंट. कुठपर्यंत वर्तुळ शाबूत होतं, हे तो डोळ्यांना दाखवतो. किटच्या नळीतून फक्त शेवट हाती येतो.

आता दिवा लांब तरंगलांबीचा वापरते, तोही सुई टोचण्यापुरता. पण त्या दिवशीची डायलिसिसची पिशवी मी, तिला चिकटलेले न्यूक्लिएज घालवायला, ईडीटीएच्या द्रावणात उकळली होती का, याची वहीत नोंद नाही. ते पान मी अजूनही उघडून बघते.