उकरलेल्या डोंगरांवरून

"मिनेसोटात सायकल चढवायला डोंगर आहेत कुठे?" मी भाचीला विचारलं होतं.

"आहेत की मामा. फक्त माणसांनी केलेत."

तेव्हा मला ती गंमत वाटली. ती गंमत नव्हती, हे कळायला शनिवार सकाळपर्यंत थांबावं लागलं.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरातून उत्तरेला गाडीनं दोन-सव्वादोन तासांवर क्रॉस्बी नावाचं छोटं गाव आहे. त्याला लागूनच कायूना कंट्री स्टेट रिक्रिएशन एरिया, म्हणजे फिरण्या-खेळण्यासाठी राखलेला सरकारी भाग. माउंटन बाइकवाल्यांत हे नाव बरंच ऐकू येतं. 'कायूना' हा शब्द मला आधी कुठल्या तरी मूळ रहिवाशांच्या भाषेतला वाटला होता. निघाला भलताच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कायलर अ‍ॅडम्स नावाचा माणूस या भागात होकायंत्र घेऊन हिंडत होता आणि सुई उत्तरेकडे ठरेना. खाली लोखंड असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे या सगळ्या खनिजपट्ट्याला नाव मिळालं ते कायलरमधलं 'काय' आणि त्याच्या सेंट बर्नार्ड कुत्र्याचं नाव 'यूना' जोडून. पुढे इथे जे घडलं ते पाहता, या नावाइतकी निरागस गोष्ट त्या इतिहासात दुसरी सापडत नाही.

गाडीतून सायकली उतरवल्या आणि पहिल्यांदा लक्ष गेलं ते मातीकडे. लालभडक. कोकणातल्या जांभ्याच्या वाटांची आठवण व्हावी अशी, आणि कारणही तेच: लोह. गंजलेलं लोखंड कुणी कुटून अंथरलंय असं वाटतं. त्यातून वर आलेली बर्चची झाडं अगदी पांढरी. पाच मिनिटांत माझे घोटे तांबडे झाले. "नवीन मोजे घालून आलास?" भाचीनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

माझी सायकल साधी हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे काही नाही. मागच्या धक्क्यांचा हिशोब कमरेला द्यावा लागतो. त्यात मी निघताना चाकांत ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून भरली होती. टणक चाक म्हणजे पळणारं चाक, अशी माझी समजूत. पहिल्या ट्रेलवर, म्हणजे जंगलातल्या सायकलवाटेवर, तिचं नाव ड्रॅगलाइन, ही समजूत मोडली. प्रत्येक खड्यावर चाक चेंडूसारखं उडत होतं. एका चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरलं, मी पाय टेकला आणि मागून येणारे एक काका थांबले. त्यांनी काही न विचारता माझं टायर अंगठ्यानं दाबलं, मान हलवली आणि म्हणाले, "यातली थोडी हवा जंगलाला देऊन टाका." मी २५ पर्यंत उतरवली. फरक लगेच कळला. मऊ टायर दगडावर बसतं, त्याला धरतं. टणक टायर त्याच्यावरून घसरतं. तोच चढ दुसऱ्यांदा कुरकुरत का होईना, चढलो.

ड्रॅगलाइन झाडांमधून वर-खाली होत जाते. मधूनच फांद्यांच्या फटीतून पाणी दिसतं आणि मन तिकडे गेलं की पुढचं चाक वाटेबाहेर जातं. या खेळात नजर जिथे जाते तिथेच सायकल जाते. झाडाकडे पाहिलंत तर झाडावर. भाचीचं एकच पालुपद, "चाकाकडे नको बघू, दहा-पंधरा फूट पुढे बघ." सांगायला सोपं आहे.

वाट दर काही अंतरावर हलकेच खाली बुडी मारते आणि पुन्हा वर येते. मला वाटलं, मजेसाठी केलंय. मजा येतेच; पेडल न मारता नुसतं अंग दाबून-सोडून वेग टिकवता येतो. पण खरं काम पाण्याचं आहे. पाऊस पडला की पाण्यानं वाटेवरून धावत सुटू नये, त्या बुडीशी वळून उतारावरून झाडांत निघून जावं, यासाठी ही रचना. वाटेची बाहेरची कडही किंचित झुकती ठेवतात. चांगल्या ट्रेलवर पाणी मुक्काम करत नाही, आडवं ओलांडून जातं. हे एकदा समजल्यावर दिवसभर मी प्रत्येक उताराकडे पाण्याच्या नजरेनं बघत होतो.

आता त्या 'माणसांनी केलेल्या' डोंगरांविषयी. कायूनातून पहिलं खनिज १९११ मध्ये बाहेर गेलं. इथल्या लोखंडात मँगनीज बरंच, आणि पोलादाला मँगनीज लागतं, त्यामुळे पहिल्या महायुद्धात या खाणींना मोठी मागणी आली. काही खाणी जमिनीखाली बोगद्यांच्या, काही उघड्या. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोचण्याआधी वरची सगळी माती-दगड काढून बाजूला टाकावी लागते. त्या टाकलेल्या ढिगांपैकी काही २०० फुटांपर्यंत उंच आहेत. खाणी बंद पडल्या, शेवटचं खनिज १९८४ मध्ये गेलं. पाणी उपसणारे पंप थांबले आणि जमिनीतलं पाणी खड्ड्यांत भरत गेलं. ढिगांवर कुणी न लावता अ‍ॅस्पेन आणि बर्च उगवले. १९९३ मध्ये हा भाग राखीव झाला आणि २०११ मध्ये सायकलच्या वाटा खुल्या झाल्या.

म्हणजे समोर दिसणारं तळं आणि त्याच्या शेजारची टेकडी ही एकाच वस्तूची दोन टोकं. तळ्यात जेवढं नाही, तेवढं टेकडीत आहे. नकाशावर हिरवं-निळं दिसतं आणि निसर्गरम्य म्हणून आपण खूश होतो. मीही झालो होतो. वाटांची नावं मात्र काही लपवत नाहीत. ड्रॅगलाइन म्हणजे दोरखंडाला बादली बांधून माती ओढणारं प्रचंड यंत्र. हॉल रोड म्हणजे खनिज वाहून नेणारा रस्ता. टिंबर शाफ्ट म्हणजे लाकडाचा आधार दिलेली विहिरीसारखी खाणवाट.

बॉबस्लेड या नावाचा मात्र खाणीशी संबंध नाही, बर्फावरच्या घसरगाडीशी आहे. एका घळीतून वाट खाली सुटते आणि वळणांच्या बाहेरच्या अंगाला मातीचे उभे बांध घातले आहेत. त्यांना बर्म म्हणतात. बर्मवर भरवसा ठेवून सायकल आडवी करायची, ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. मला हे सगळं तोंडपाठ होतं. दुसऱ्या वळणावर भाची पुढून ओरडली, "मामा, ब्रेक सोड! सोड!" आणि मी ते ऐकून ब्रेक आणखी आवळला. पुढचं चाक खिळलं, सायकल उभी राहिली, मी तिच्यावरून शांतपणे पुढे गेलो. पडणं इतकं सावकाश वाटलं की त्यात विचार करायलाही वेळ मिळाला. विचार मोज्यांचा होता. कोपर सोलवटलं, हातमोज्यात खडी गेली, बाकी काही नाही. पुन्हा वर गेलो आणि या वेळी दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट ठेवलं. खाली पोचलो तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला शोभणारा नव्हता.

दुपारी सायकली गाडीवर टाकून क्रॉस्बीच्या उत्तरेला मिलफर्ड खाणीच्या स्मारकाशी गेलो. भाचीला फारसं यायचं नव्हतं. मलाही आधी वाटलं, सुट्टीच्या दिवशी कशाला.

५ फेब्रुवारी १९२४. मिलफर्ड ही जमिनीखालची खाण, आणि तिच्या बोगद्यांच्या जवळ वर एक तळं. त्या दुपारी तळ्याचं पाणी आणि चिखल बोगद्यात फुटून घुसले. वीसेक मिनिटांत खाण भरली. ४१ माणसं गेली. शिडीवरून वर येऊ शकले ते फक्त ७. क्लिंटन हॅरिस नावाच्या कामगारानं स्वतः वर न जाता धोक्याच्या शिट्टीची दोरी धरून ठेवली. तो बुडाल्यावरही ती शिट्टी कित्येक तास वाजत राहिली, वर जमलेल्या बायकामुलांना ऐकू येत राहिली. सगळे मृतदेह काढायला नऊ महिने लागले. मग खाण परत सुरू झाली.

स्मारकाच्या पाटीवरचं हे शेवटचं वाक्य वाचून भाची एवढंच म्हणाली, "परत?"

तिथे आता झाडं आहेत, पाण्यावर फळ्यांची वाट आहे, त्या ४१ जणांची नावं आहेत. कुठल्या तरी कोपऱ्यातून लून पक्षी ओरडला. लांबवर ताणलेला, शेवटी वर चढणारा आवाज. एरवी मला तो फार आवडतो.

संध्याकाळी टिंबर शाफ्टवर एक फेरी मारली. वाट सुंदर आहे, झाडांत गच्च, एक वळण संपायच्या आत दुसरं. सकाळी पाटीवर ते नाव मी नुसतं वाचलं होतं. आता पेडल मारताना ते डोक्यातून जाईना.

अंधार पडायच्या आधी पाय धुवायला एका खाणतळ्याशी उतरलो. पाणी काचेसारखं स्वच्छ. जमिनीतून झिरपून आलेलं असल्यामुळे त्यात गाळ नाही, म्हणून डायव्हिंगवालेही इथे येतात. खाली पाण्यात उभी झाडं दिसतात म्हणे. काही तळी ४०० फुटांहून खोल आहेत. साध्या तळ्याचा काठ हळूहळू आत उतरत जातो. हा तसा नव्हता. मी एक पाऊल टाकलं ते घोट्याएवढ्या पाण्यात. लाल रंग पायावरून सुटून धुरासारखा पसरला.

"मामा, अजून पुढे जाऊ नकोस," भाची काठावरून म्हणाली.

दुसरं पाऊल चाचपून पाहिलं. खाली काही लागेना.