हरणारा माणूस

"माझे कागद ठीक होते ना?" काउंटरच्या काचेपलीकडून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हो, सगळं ठीक आहे." आदल्याच संध्याकाळी मी त्यांच्याबद्दल संशयास्पद व्यवहाराचा अहवाल पाठवला होता.

कसिनोत कम्प्लायन्सचं, म्हणजे कायदे-नियम पाळले जातात का ते बघण्याचं, काम करते म्हटलं की लोकांना सुटकेसभर नोटा घेऊन येणारा गुंड दिसतो. खरं तर आम्ही शोधतो ते न खेळणाऱ्यांना. नोटा देऊन चिप्स घ्यायच्या, दोन डाव खेळल्यासारखं करायचं आणि चिप्स परत करून चेक मागायचा, म्हणजे काळा पैसा जुगारात जिंकल्यासारखा दिसतो. किंवा मशीनमध्ये नोटा भरायच्या आणि जेमतेम खेळून उरलेल्या पैशांचं तिकीट काढून घ्यायचं. रूलेटवर, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर, तर जोडीनं येतात. एक लालवर लावतो, दुसरा काळ्यावर, रक्कम तेवढीच. एका शून्याच्या चाकावर दोघंही हरतात ते फक्त शून्य आल्यावर, म्हणजे 37 घरांतलं एक. पैसे धुण्याची मजुरी सरासरी 2.7 टक्के! अशी जोडी मी कॅमेऱ्यावर चार-पाच फेऱ्यांत ओळखते आणि त्याचा मला गर्व आहे, नाही कशाला म्हणू?

हे गृहस्थ यात कुठेच बसत नव्हते. एकटे यायचे, मन लावून ब्लॅकजॅक खेळायचे आणि हरायचे. आमचं सॉफ्टवेअर हरणाऱ्याकडे बघतच नाही. पैसा परत गेलाच नाही, तर धुतला कसा म्हणायचा? एफएटीएफ या काळा पैसा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशींप्रमाणे 3,000 डॉलर किंवा युरोपासून गिऱ्हाइकाची ओळख तपासायची असते. ती आम्ही कधीच तपासली होती. माणूस कोण ते कळलं होतं, पैसा कोणाचा ते कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी बंडलं बँकेच्या पट्ट्यांसकट आली म्हणून कॅशियरनं मला बोलावलं. मी उत्पन्नाचा पुरावा मागितला. त्यांनी अगदी शांतपणे पगाराची पावती दिली. नोकरी एका कंपनीच्या हिशेब खात्यात. मग मी त्यांच्या मेंबर कार्डाच्या नोंदी काढल्या. हरलेली रक्कम वर्षाच्या पगाराच्या तिप्पट होती. ही बेरीज मार्केटिंगला आधीपासून ठाऊक होती, तिच्यावरच तर ते त्यांना फुकट खोली देत होते. मला मात्र तीच फाइल लेखी विनंती करून अडीच तासांनी मिळाली.

त्यांची सरबराई करणारा होस्ट वैतागला. "अगं, हरतोय ना तो? मग संशय कसला?" माणूस वाईट नाही, पण त्याचा बोनस याच हरण्यावर ठरतो.

अहवालाची कुणकुण गिऱ्हाइकाला लागू द्यायची नसते, कायदाच आहे तसा. (म्हणून इथले तपशीलही बदलले आहेत.) त्यामुळे माझं "सगळं ठीक आहे" नियमात बसणारं होतं. पण त्यांनी ज्या सुरात विचारलं, तो सुटकेचा होता की कुणीतरी अडवावं असा, हे मला अजून ठरवता येत नाही. वरून निरोप होता, निर्णय होईपर्यंत खेळू द्या. त्या रात्री ते पुन्हा हरले, आणि उठताना नेहमीसारखी एक चिप डीलरला देऊन गेले. त्यानंतर आले नाहीत.

अहवालाची पोच म्हणून मला एक क्रमांक मिळाला. पुढे काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत.

आता दर सोमवारी मी हरणाऱ्यांची यादी मागवते. विनंती अजून लेखीच द्यावी लागते.